पहिली-दुसरीच्या पालकांना घरी नेमकं काय करायला सांगावं? (मराठी माध्यम, सत्तरी)

पाटीपेन्सिल

नमस्कार. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली सरकारी मराठी प्राथमिक शाळा, शिक्षक दोन. पहिली आणि दुसरी एकाच वर्गात बसतात, सहा आणि पाच अशी अकरा मुलं. दहा जणांच्या घरी कोंकणी. एकाच्या घरी कन्नड, आईवडील कामासाठी आलेले.

पालकसभेला चार-पाच आया येतात. सगळ्यांचा प्रश्न एकच, "बाई, अभ्यास करता न्हय?" घरी जो अभ्यास होतो तो बहुतेक ठिकाणी आजोबा घेतात: क ते ज्ञ म्हणून दाखवायचं आणि दहा ओळी 'अ' काढायचा. दोन आयांनी विचारलंय की आता घरी मुलाशी मराठीतच बोलायचं का. शाळा-घर वही सुरू केली होती, तिसऱ्या आठवड्यानंतर त्यात सह्यांशिवाय काही उरलं नाही.

पालकांनी मदत करावी असं सगळेच म्हणतात, पण दिवसाला पाच-दहा मिनिटांत, आणि तेही वाचायची फारशी सवय नसलेल्या घरात, नेमकं काय करून घ्यावं? आणि सभेला न येणाऱ्यांचं काय करायचं?

काना_मात्रा

आजोबांपासून सुरुवात करा, कारण रोज बसणारा माणूस घरात आयता आहे. पद्धत तेवढी बदलायची.

क ते ज्ञ म्हणणं हे गाणं आहे, वाचन नव्हे. आजोबांना हे सांगून पटणार नाही, दाखवावं लागेल. तक्त्यावर मधल्याच 'ध' वर बोट ठेवा आणि विचारा. मूल मनात 'क' पासून पळत येऊन 'ध' ला थांबलं तर त्याला अक्षर येत नाही, त्याची जागा येते. ही परीक्षा आजोबांच्या हातात द्या: रोज पाच अक्षरं, उलटसुलट, तीन सेकंदांत ओळखलं तर पक्कं. अडलं ते अक्षर पाटीवर मोठं काढून त्यावरून बोट फिरवायचं. दहा ओळी लिहून घेऊ नयेत. तिसऱ्या ओळीनंतर मूल आपल्याच वरच्या ओळीची नक्कल करतं आणि चूक असेल तर तीच पक्की होते. पाच वेळा काढायला सांगावं आणि त्यातलं सगळ्यात बरं कुठलं ते मुलानंच गोल करून दाखवावं.

अडणाऱ्या जोड्या ठरलेल्या असतात: भ-म, घ-ध, ब-व, ट-ठ-ढ, प-ष. दोन्ही अक्षरं एकाच आठवड्यात घरी देऊ नका. एक पूर्ण बसलं की दुसरं.

क्रमाचा हट्टही सोडवायला हवा. क, म, न, र, ब ही पाच अक्षरं आणि एक काना एवढ्यावर मामा, काका, बाबा, नाक, कान, मान, काम, मन, कमर, नरम, बारा, कमान असे डझनभर शब्द होतात. क, ख, ग, घ, ङ या पाचांतून मूल काय वाचणार? प्रत्येकी दोन असे पुठ्ठ्याचे बारा तुकडे कापून घरी पाठवा. खर्च शून्य, आणि आजोबांनाही शब्द जुळवायला मजा येते.

वेलांटीचा घोळ पालकांना आधीच सांगून ठेवा. 'दिवा' म्हणताना कानाला आधी द ऐकू येतो आणि मग इ, पण ऱ्हस्व वेलांटी बसते द च्या आधी. मूल ऐकल्या क्रमानं लिहितं, मग वेलांटी पुढच्या 'व' ला जाऊन चिकटते. तो निष्काळजीपणा नसतो. द काढून झाला की लगेच मागे वळून वेलांटी दे आणि मगच व काढ, एवढंच सांगायचं.

आता भाषा. घरी मराठीत बोलू नका असं स्पष्ट सांगा. ज्या भाषेत आई गोष्ट रंगवून सांगू शकते ती सोडून अडखळत्या भाषेत बोलली की बोलणंच आटतं, आणि शाळेत येणारं मूल शब्दांनी गरीब होऊन येतं. वाचताना मात्र कोंकणी बोलणाऱ्या मुलाच्या तीन प्रकारच्या 'चुका' होतात आणि त्या तिन्ही वेगळ्या आहेत. 'घोडा' लिहिलंय आणि मूल 'घोडो' वाचतं: अक्षरं पाहिली, अर्थ कळला, शेवट आपल्या भाषेत केला. इथे ओरडणारा पालक मुलाच्या चांगल्या वाचनालाच शिक्षा करतोय. "हां, घोडो. पुस्तकात घोडा म्हटलंय" म्हणायचं आणि पुढे जायचं. 'पाणी' ला 'उदक' वाचलं तर मुलानं चित्र पाहिलंय, अक्षर नाही, तिथे शब्दाखाली बोट ठेवून "पयलें अक्षर खंयचें?" (पहिलं अक्षर कुठलं?) विचारायचं. आणि 'घोडा' ला 'घडा' वाचलं तर मात्रा बसलेली नाही, ते काम शाळेचं. वहीत एक खूण करून पाठवा म्हणावं, घरी दुरुस्त करत बसू नका.

हा फरक पालकांना सांगितला की घरातली निम्मी आरडाओरड थांबते.

गावकर_फोंडा

वर लिहिलंय त्यात भर घालायला माझ्याकडे काही नाही. सभा आणि वही याबद्दल लिहितो.

सभा रिकामी राहण्याची दोन कारणं. एक, तारीख. लावणीच्या दिवसांत आणि काजूच्या मोसमात सत्तरीत माणूस मिळत नाही. तेव्हा पावसाळ्यातली सभा चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी आठ-दहा दिवस, दुसरी दिवाळीनंतर, तिसरी जानेवारीअखेर. मार्चमध्ये ठेवू नका. दुसरं कारण, सभेत पालकाला दोनच गोष्टी ऐकायला मिळतात: सूचना आणि तक्रार. दोन्हींसाठी रोजंदारी कोण बुडवील?

मोठी सभा वर्षातून एकदाच पुरे. बाकीच्या भेटी सुटीच्या वेळी, रोज तिघांचे पालक. अकरा मुलांचे चार दिवस होतात, चौथ्या दिवशी दोघेच असतात, म्हणून चुकलेल्यांनाही जागा राहते. एका भेटीला सात मिनिटं. टेबलावर मुलाचं जूनमधलं पान आणि आताचं पान शेजारी शेजारी ठेवायचं. दोन मिनिटं पालकांनी ते बघायचं, आपण बोलायचं नाही. मग मुलानं स्वतः वाचून दाखवायचं, दोन मिनिटं. पुढची दोन मिनिटं पालक सांगणार आणि आपण लिहून घेणार: घरी कशात रमतो, कधी कंटाळतो, संध्याकाळी त्याच्याजवळ कोण असतं. शेवटचं मिनिट एक गोष्ट ठरवायला. एकच. तीन ठरवल्या की एकही होत नाही. मूल खोलीत असलंच पाहिजे, कारण त्याच्या पाठीमागे झालेलं बोलणं घरी जाऊन "बाईनी तुझी कागाळ केली" असं पोचतं.

"कितपत यायला हवं?" हा प्रश्न हमखास येतो. 2021 च्या निपुण भारत (केंद्र सरकारचं पायाभूत वाचन-गणिताचं अभियान) उद्दिष्टांप्रमाणे पहिलीच्या अखेरीस चार-पाच शब्दांची सोपी वाक्यं वाचणं आणि 99 पर्यंत अंक, दुसरीच्या अखेरीस मिनिटाला 45 ते 60 शब्द समजून वाचणं आणि 999 पर्यंत अंक. हे जरूर सांगा, पण वर्षअखेरीचं म्हणून सांगा. ऑगस्टमध्ये घड्याळ लावून वाचून घेणारे बाबा भेटतातच.

वही बंद पडते कारण ती रोजची असते. आठवड्याला एक पान करा. वर सगळ्यांसाठी एकच मजकूर (एकदा लिहून झेरॉक्स चिकटवा): या आठवड्याची अक्षरं आणि घरचं दहा मिनिटांचं काम. त्याखाली प्रत्येक मुलाबद्दल एक ओळ, आणि ती ओळ 'आता काय येतं' याची: "र आणि स वेगळे ओळखतो", "पाचपर्यंत न मोजता सांगते". 'अभ्यासात लक्ष नाही' हे वाक्य वहीत कधीही लिहू नका. त्यावर पालक करणार काय, एक थप्पड सोडून? तळाला पाच चौकोन, सोमवार ते शुक्रवार. काम झालं की मुलानंच चौकोन रंगवायचा, म्हणजे लिहिता न येणाऱ्या घरातूनही उत्तर येतं. अकरा ओळी लिहायला शुक्रवारी वीस-पंचवीस मिनिटं लागतात. चौकोन रिकामे आले तर विचारपूस करा, शेरा मारू नका. सलग दोन आठवडे रिकामे म्हणजे काम जड झालंय किंवा घरी काही बिनसलंय.

व्हॉट्सऍप ग्रुप असेल तर संदेश फक्त शिक्षकांनी टाकायचे अशी सोय सुरू करा, नाहीतर सुप्रभात आणि नारळाचा भाव यांत गृहपाठ बुडतो. मुलांचे गुण, चुकीच्या वहीचे फोटो ग्रुपवर कधीच नकोत. मुलांचा फोटोही पालकांना विचारल्याशिवाय नको.

पाटीपेन्सिल

देव बरें करूं दोघांनाही. 'घोडो' ला मीच आजवर लाल खूण करत होते.

गणिताचं कोणी सांगेल का? पहिलीतले तिघे बत्तीस सांगितलं की 23 लिहितात. पालक म्हणतात, पाढे पाठ करून घेतो.

हिरांची_जुडी

पाढ्यांनी हे सुटत नाही. बत्तीस म्हणताना दोनाचा आवाज आधी येतो, तीसचा नंतर. लिहायचं मात्र तीन आधी. मराठीतही तसंच, कोंकणीतही तसंच, त्यामुळे घरची भाषा बदलूनही फायदा नाही. मूल ऐकतं त्या क्रमानं लिहितं. वेलांटीचाच भाऊ हा.

घरी करायचं ते असं. माडाच्या झावळीचे हीर सोलून बोटभर लांबीच्या शंभर काड्या करायच्या. दहा-दहाच्या जुड्या बांधायच्या, रबर नसेल तर केळीच्या सोपाची दोरी. जुडी मुलानं स्वतः मोजून बांधली पाहिजे, तयार दिली तर ती त्याच्या लेखी एकच वस्तू राहते. मग बत्तीस म्हटलं की आधी काड्या मांडायच्या: जुड्या डाव्या हाताला, सुट्या उजव्या हाताला. "तीन जुड्यो, दोन सुट्यो." त्याच क्रमानं खाली अंक. पहिले दोन आठवडे काड्या मांडल्याशिवाय लिहायचंच नाही. काड्या उलट्या बाजूनं मांडल्या तर सगळं फुकट, म्हणून पालकांना हे प्रत्यक्ष एकदा करून दाखवा. पालक मुलाच्या समोर बसतो आणि त्याची डावी ती मुलाची उजवी होते! शेजारी बसायला सांगा.

एकोणतीस, एकोणचाळीस हे वेगळं दुखणं. ऐकू येतो तीस, लिहायचा दोन. तीन जुड्या घेऊन एक सोडायची आणि एक काडी काढून टाकायची. 'एकोण' म्हणजे एक उणा हे हातात दिसतं. 28 पर्यंत नीट येत असेल तरच हे काढा.

मुलानं सहाला 'स', नऊला 'णव', दहाला 'धा' म्हटलं तर बरोबर धरायचं. संख्या कळलीय, नाव वर्गात बदलेल.

काड्यांखेरीज रोजचा हिशोब घरात आयता आहेच. पोदेर (पाववाला) आला की "चार उंडे घेतले, दोन कांकणां, एकूण किती? बाबांनी एक उंडो खाल्लो, आता किती?" हे तोंडी, वही नको. चवथीला माटोळी (गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगायची चौकट) बांधतात तेव्हा नारळ, सुपारीचा घोस, आंबाडे, चिबूड, दोडकी ही सगळी आधी खाली मांडलेली असतात. मुलाला प्रकार लावायला द्या: गोल आणि लांबट, वेलीवरचं आणि झाडावरचं, पाचापेक्षा जास्त आणि कमी. वर्गीकरणाचा याहून मोठा संच कुठल्या दुकानात मिळत नाही. चवथीनंतर पहिल्या दिवशी "तुमच्या माटोळीला काय काय होतं" हा तोंडी धडा घ्या, अकराही मुलं बोलतील.

साखळीचो_पावस

थोडा विरोधी सूर लावतो. शिकवायचं काम शाळेचं. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 24 मध्ये पालकांना नियमित भेटून हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्य म्हटलंय. पालकानं घरी वर्ग भरवावा असं कुठे म्हटलेलं नाही. थर्माकोलचे प्रकल्प, चार्ट, मुखवटे... हे सगळं रात्री अकरा वाजता आईच करते. आता त्यात जुड्या आणि पुठ्ठे. ज्याच्या घरी आजोबा नाहीत ते मूल आणखी मागे पडणार नाही का?

काना_मात्रा

प्रकल्पांबद्दल शंभर टक्के मान्य. जे काम मूल एकट्यानं करू शकत नाही ते गृहपाठ म्हणून देऊच नये. कसोटी सोपी आहे: घरी नवं काही शिकवायचं नाही, वर्गात येऊ लागलेलं फक्त घोळवायचं. पुठ्ठ्यावरची अक्षरं शाळेत झालेलीच जातात.

पण हिशोब बघा. त्याच कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे 200 दिवस आणि 800 तास धरलेत. दोन इयत्ता एका खोलीत म्हटल्यावर पहिलीच्या वाट्याला शिक्षकाचे सरळ 400. त्यात एकेका मुलाशेजारी बसून वाचून घ्यायला दिवसाला तीन-चार मिनिटं मिळाली तरी खूप. घरची दहा मिनिटं, आठवड्याला पाच दिवस, तीस आठवडे म्हणजे 25 तास, आणि ते सगळे एकट्या त्याच मुलाचे. ते सोडून द्यायचं मन होत नाही.

आजोबा नसलेल्या मुलाचा मुद्दा खरा आहे. त्यावर उपाय शाळेतच: ज्याचे चौकोन रिकामे येतात त्याची दहा मिनिटं सकाळी प्रार्थनेआधी दुसरीतल्या मुलाबरोबर बसवून भरून काढायची. दुसरीतल्याचाही सराव होतो. घर कमी पडलं म्हणून पोराला वर्गात ऐकवायचं नाही, बस.

आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, त्या बैठकीत फक्त छप्पर आणि नळावर बोलायचं असा काही नियम नाही. "पहिलीतली किती मुलं वाक्य वाचतात" हा विषय लिहून ठेवा.

डोळे_कान

एक गोष्ट राहिली. "लक्ष नाही" म्हणण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. त्यातलं निम्मं पालकांना दिसतं आणि निम्मं शिक्षकांना, दोघांनी मिळून सांगितलं तरच चित्र पुरं होतं.

शाळेत दिसणारं: फळ्यावरून उतरवताना चुकतो पण पुस्तकातून नाही, मान तिरकी करतो, पुस्तक नाकाला लावतो, शेजाऱ्याच्या वहीत बघून सूचना कळते. घरी दिसणारं: टीव्हीच्या पुढ्यात जाऊन बसणं, आवाज वाढवणं, मागून हाक मारली की न वळणं, तोंड उघडं ठेवून झोपणं. पावसाळ्यात सतत सर्दी असलेल्या मुलाच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचू शकतं आणि मग ऐकू कमी येतं, तेही कधी कमी, कधी बरं, म्हणून "मनात असेल तेव्हा ऐकतो" असा समज होतो. प-ब, त-द मध्ये गोंधळणारं मूल असेल तर आधी हे बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं तेव्हा ही निरीक्षणं कागदावर लिहून द्या, नाहीतर एका मुलामागे काही मिनिटांत त्यांना काय कळणार? तोवर त्या मुलाला पुढे, शिक्षकाचं तोंड दिसेल असं बसवा.

उलटी अक्षरं, उलटे अंक सातव्या वर्षापर्यंत बऱ्याच मुलांचे होतात. पहिलीत त्यावरून 'डिस्लेक्सिया' हा शब्द पालकांसमोर काढू नका. दुसरीच्या शेवटीही सुटी अक्षरं ओळखून शब्द जुळत नसेल, घरात आणखी कुणाला वाचनाचा त्रास असेल, तर नोंदी ठेवायला लागा. विशिष्ट अध्ययन अक्षमता दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये आहे. पुढे तपासणीला जाताना दोन वर्षांच्या वहीची पानं सगळ्यात उपयोगी पडतात, तेव्हा आठवड्याची ती पानं फेकू नका.

पाटीपेन्सिल

वही पुढच्या सोमवारपासून, झेरॉक्स चिकटवून. एकच राहिलं: कन्नड बोलणाऱ्या मुलाची आई. मराठी वाचत नाही, कोंकणी कामापुरती समजते.

काना_मात्रा

तिला मराठी वाचायची गरज नाही. मुलानं चित्राचं पान उघडून तिला कन्नडमध्ये सांगायचं: कोण आहे, काय केलं, पुढे काय होईल. ती फक्त हे तीन प्रश्न विचारणार, आपल्या भाषेत. गोष्ट सांगायची सवय एका भाषेत लागली की दुसरीत न्यायला वेळ लागत नाही. मोजणं आणि जुड्याही कन्नडमध्येच चालतील, लिहायचा अंक तोच.

वहीतली ओळ तिला वाचता येणार नाही, म्हणून सोमवारी अर्ध्या मिनिटाचा आवाजी संदेश पाठवा, सोप्या कोंकणीत, सावकाश. फोन बहुधा वडिलांबरोबर कामावर जातो, तेव्हा रात्री आठनंतर पाठवलेला बरा. आणि पहिल्या भेटीत तिच्याकडून दहा कन्नड शब्द लिहून घ्या: पाणी, भूक, पोट दुखतं, लघवी, घर, ये, बस, दाखव, छान, पुन्हा. देवनागरीत लिहून फळ्याच्या कोपऱ्यात चिकटवा. बाकीची दहा मुलं ते चार दिवसांत पाठ करतील.